फेसाचं घरटं

पहिलं बक्षीस मिळालेल्या फोटोसमोरून फोटोग्राफरची ताई हलायलाच तयार नव्हती. पानाला लटकलेलं झाडबेडकाचं फेसाचं घरटं, आणि त्यातून निसटणारे इवलेसे बेडूकमासे, उजेडात मण्यांसारखे.

"अरे, पडतायत की हे!"

"पडायलाच हवेत, ताई. मादी डबक्यावर झुकलेलं पान बघूनच फेस घुसळते. घरटं विरघळलं की पिल्लं थेट पाण्यात."

"बेडकीला बाई केवढी ही अक्कल! पण पाणी कुठं दिसत नाही ते?"

"ते फोटोच्या बाहेर आहे."

"मग ठीक. माझा जीवच वरखाली झाला." तिनं शेजारच्या अनोळखी बाईंना कोपरानं ढोसलं. "माझा धाकटा भाऊ हो! लहानपणी मुंगी मेली तरी हा जेवायचा नाही. आमची आई वैतागायची."

बाई कौतुकानं हसल्या. त्याचे कान तापले, मान खाली गेली.

"बघा, लाजतोय कसा!" ताई म्हणाली.

पाणी खरंच फोटोच्या बाहेर होतं, हातभर अंतरावर. मागून उजेड मिळावा म्हणून त्यानंच ती फांदी दोरीनं ओढून कोरड्या खडकावर आणून बांधली होती. गाठ सोडली असती, तर फांदी आपसूक डबक्यावर परत गेली असती. पण पिल्लं खडकावर टपटपू लागली, तेव्हा त्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते.