डावीकडचा ब्रेक

गंधालीने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि पूजेचं ताट घेऊन डावीकडचं दार उघडलं.

"तिकडे कशाला?" गुणाजी म्हणाला.

"आत पण लावते ना थोडं." ती वाकली आणि तशीच थांबली. "बाबा, हे काय? इथे ब्रेक?"

गुणाजी फडक्याने स्टीअरिंग पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

कुंपणापलीकडे शेजारचा हर्षद दात घासत उभा होता. "वाट लावली गं तुझ्या बाबांनी स्पोर्ट्स कारची. काका आता क्लास काढणार. गुणाजी मोटर ट्रेनिंग, भांडुप पश्चिम!"

"तू तोंड धू आधी," गुणाजी म्हणाला.

गाडी जुनी, दोन दारांची, दोनच सीटांची. बायको, विमला, गेल्यावर त्याने ती घरामागच्या शेडमध्ये घेतली आणि पार सुटी केली. इंजिन उतरवून पुन्हा बांधलं. विटका लाल रंग खरवडून गडद निळा मारला. मोठं स्टीअरिंग काढून छोटं बसवलं. तळाचा पत्रा गंजला होता, तो कापायला घेतला तेव्हा डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी, त्याच्या हाताला एक खळगा लागला. विमलाच्या टाचेचा. गाडीने जरा वेग घेतला की ती "अहो, हळू" म्हणायची आणि पाय खाली रोवायची. गुणाजीला हसू यायचं. "दाब, दाब. तिथे ब्रेक नाहीये."

नव्या पत्र्याला खळगा नव्हता. मग त्याने तिथे खराच ब्रेक बसवला, शिकाऊ गाड्यांना असतो तसा, आणि सळईने आपल्या ब्रेकला जोडला. डावा दाबला की उजवाही आत जायचा. मुद्दाम कडक ठेवला होता. पाय देऊन जोरात दाबल्याशिवाय हलायचा नाही.

"आईसाठी?" गंधालीने विचारलं.

त्याने मान डोलावली. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि त्या ब्रेकला टेकवलं. मग ताट शेडमध्ये ठेवून आली.

"चला. मला दहिसरला सोडा, आणि आता राहा आमच्याकडे थोडे दिवस. शेडमध्ये झोपता म्हणे तुम्ही. हर्षद सांगत होता."

"तू रिक्षाने हो पुढे. मी येतो मागून."

"गाडी दारात आणि मी रिक्षाने?"

गुणाजी पुन्हा स्टीअरिंग पुसायला लागला. डावीकडच्या सीटवर त्याने कोणाला बसू दिलं नव्हतं. हर्षद एकदा स्क्रू आवळायला टेकला, तर त्याला हाताला धरून उठवलं होतं. काम करताना विमला शेजारी बसलेली आहे असं त्याला वाटायचं. कधीकधी तो तिकडे न बघता पाना मागायचा. दुसरं कोणी तिथे बसलं तर ती उठून जाईल, आणि मग येणार नाही, एवढीच त्याला भीती होती.

"बाबा, दोनच सीटा आहेत. मी काय टपावर बसू?"

त्याने फडकं झटकलं.

"माझी पण कोणीतरी होती ना ती?"

गुणाजीने फडकं दारावर टाकलं. "बस."

गंधाली बसली. चपला काढून तिने दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली.

"पाय खाली सोड. अवघडशील."

"कुंकू लावलंय. त्याच्यावर पाय कसा ठेवू?"

लिंबं चिरडली. हर्षदने ब्रश हातात धरूनच टाळ्या वाजवल्या. "झकास, काका!" गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि टेकडीच्या उताराला लागली. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. हा आवाज ऐकायला तो किती दिवस थांबला होता. आता त्याचं त्याला काही वाटेना.

त्याने डावीकडे पाहिलं. गंधालीचे गुडघे, गंधालीची पर्स, मांडीवर मोबाईल. सीट भरली होती. तिथे आणखी कोणाला जागा नव्हती.

गेली, त्याच्या मनात आलं. उठून गेली.

त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला. घरं मागे पळायला लागली. खाली नाल्याचं वळण दिसत होतं. विमला इथेच हमखास ओरडायची. गुणाजीने पाय उचलला नाही.

"बाबा," गंधाली म्हणाली. मग मोठ्याने, "बाबा!"

ब्रेक आत गेला.

त्याचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता. त्याच्या पायाशेजारचा त्याचा ब्रेक आपोआप खाली बसला, सावकाश, कोणी टाच रोवावी तसा. इंजिन कण्हलं. त्याने घाईने पाय काढला. गाडी हळू होत होत माणसाच्या चालीने वळणावर येऊन थांबली.

"दाबलास ते बरं केलंस," तो म्हणाला.

"मी नाही."

त्याने पाहिलं. तिची मांडी तशीच होती. दोन्ही हातांनी तिने पावलं घट्ट धरली होती. खाली डावीकडचा ब्रेक पत्र्याला टेकला होता.

गुणाजी त्या ब्रेककडे पाहत राहिला. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

"बरं," तो तिकडेच बघत हळूच म्हणाला. "हळू चालवतो."

ब्रेक वर आला.