खाटेवरची म्हातारी

शिबिरात पायी गेलं तर डॉक्टर ढुंकूनही पाहत नाही, कॅन्सरचा पेशंट खाटेवरच न्यावा लागतो, असं गावातल्या सर्वज्ञ कृष्णरावांनी ठणकावलं. म्हणून काल सांजेपर्यंत डोक्यावरून धानाचे भारे खळ्यात नेणाऱ्या सत्तरीच्या चंद्रभागाबाईला चौघांनी खाटेवर घालून पवनीच्या शिबिरात आणलं. छातीत गाठ होती, पण तिला लाज वाटत होती ती या खाटेची. वाटेत चौघे तीनदा दम खायला टेकले.

"मी चालू का रे, चिंधू?" तिनं पोराला विचारलं.

"चूपचाप पडून राय ना, माय."

कोणाला ऑपरेशन झेपेल, हे ठरवायला शहरातून मोठा डॉक्टर आला होता. त्यानं चिंधूला वय विचारलं, खुर्चीतूनच मान उंचावून लांबवरची खाट पाहिली आणि कागदावर लाल फुली मारली.

"अंथरुणालाच खिळल्यात. ऑपरेशन झेपायचं नाही. घरी न्या, सेवा करा."

चिंधू मटकन खाली बसला. बाकीचे तिघं त्याला धरून रडू लागले. चंद्रभागाबाईनं चौघांकडे एकदा पाहिलं, उठून पदर खोचला, खाट उचलून डोक्यावर घेतली आणि डॉक्टरच्या टेबलासमोरून तरातरा निघाली.

डॉक्टर तिच्यावर खेकसला, "ओ बाई! अंगात एवढी रग आहे, तर खाटेवरच्या त्या म्हातारीला वेळेवर आणायला काय झालं होतं?"