भिंगावरचा पायमोजा

ऑगीनं कॅमेऱ्याच्या भिंगावर काळा रेशमी पायमोजा ताणून बसवला आणि डेल्मा कीटिंग म्हणाली, "काढ तो."

ऑगीचा हात थबकला. गेली कित्येक वर्षं तिचा चेहरा जवळून टिपायचा म्हटलं की मोजा चढायचाच. सुरकुत्या धुक्यात जायच्या, डोळे तेवढे चमकायचे. चाळिशी उलटलेल्या हॉलिवूडच्या सगळ्याच नायिका कुठल्या ना कुठल्या मोज्यामागे संसार करत होत्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. स्टुडिओच्या जाहिरातींत तर डेल्मा कधीपासून छत्तिशीवरच अडून बसली होती.

"अगं, निर्माता जीव घेईल माझा," ऑगी कुजबुजला. "ब्रॉडरनं बजावलंय, पडद्यावर वय दिसलं की तुझा करार संपला."

"सांग त्याला, बाईनं ओरबाडून काढला."

"तू ओरबाडणार? नखं तुटतील की!"

डेल्मा हसली नाही. "ऑगी, मी जी बाई करतेय, तिचा नवरा कोळशाच्या खाणीत गाडला गेलाय. कालपासून ही खाणीच्या तोंडाशी उभी आहे. इस्त्री केलेलं तोंड घेऊन उभी राहील का? माझी आई अशीच उभी होती. मी पाहिलंय तिला."

ऑगीनं मोजा काढला आणि खिशात कोंबला.

डेल्मा दिव्यांसमोर गेली. खाणीच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. वर फळ्यांवर बसलेले दिवेवाले जेवणाच्या घंटेखेरीज कशालाच दाद देत नसत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ते चित्रीकरण बघून ब्रॉडर तडक सेटवर आला. डेल्मानं मनातल्या मनात गाशा गुंडाळला.

"काय दिसलीस गं!" तो ओरडलाच. "बाकीच्या आपल्या मेणाच्या बाहुल्या वाटतात. ऑगी, लेका, हा कुठला मोजा लावलास? डझनभर मागव. आता सगळ्यांना हाच लावायचा!"

ऑगीला एकाएकी खोकला आला.

डेल्मा उठली. भर दिव्याखाली, ब्रॉडरच्या अगदी पुढ्यात जाऊन तिनं तोंड वर केलं.

"नाही मिळायचा, मिस्टर ब्रॉडर," ती म्हणाली. "एवढा एकच आहे, आणि तो विणायला मला सेहेचाळीस वर्षं लागली."