पलीकडचा

"आधी हवा सोड, मग टायरच्या कडेनं पट्टी घाल," सायकलवाला म्हणाला.

बायकोनं बाह्या सरसावल्या, ट्यूब बाहेर काढली आणि हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात दाबली. बुडबुडे उठले.

"बोट ठेव तिथं. सोडू नकोस."

"चाळीस वर्षांत एकदा शिकवलं नाहीत. आता दोन दिवसांत उस्ताद करायला निघालात!"

तो हसला नाही. परवा कचेरीत जायचं होतं. पलीकडच्या देशातून आलेलं माणूस ज्या घरात असेल, त्या घरातल्या सगळ्यांनी कागद दाखवायचे होते. ज्याचे कागद नसतील, त्याची रवानगी पलीकडे.

गल्लीत त्याला 'पलीकडचा'च म्हणत. नवी सरहद्द आखली त्या साली, वयाच्या सहाव्या वर्षी, तो बापाच्या खांद्यावर बसून इकडे आला होता. तिकडचं त्याला काही आठवत नव्हतं. आठवत होती ती बापाची घामानं भिजलेली मान. बापाला जाऊन जमाना झाला होता, आणि कागद म्हणाल तर घरात दुकानाच्या परवान्यापलीकडे चिटोरं नव्हतं.

त्यानं आवराआवर केली. गिऱ्हाइकांच्या सायकली पोचत्या केल्या. गळका नळ बदलला. लेकीला फोन लावला. "आईला थोडे दिवस तुझ्याकडे ने," एवढंच म्हणाला. ती रडायला लागली, तसा त्यानं फोन बायकोच्या हातात दिला.

परवाचा दिवस उजाडला. बसमध्ये बायको म्हणाली, "तिकडे कुणी ओळखीचं?"

"कोण असणार? होते ते सगळे इकडेच आले."

"थंडी फार असते म्हणे."

"असेल."

कचेरीतली कारकून लेकीच्या वयाची होती. तिनं त्याच्या वडिलांचं नाव विचारलं आणि आत गेली. बराच वेळ आलीच नाही. बायकोनं त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.

कारकून एक जीर्ण वही घेऊन आली.

"हे बघा आजोबा, निर्वासितांच्या छावणीची वही. वडील, आई, मुलगा वय सहा. हा वडिलांचा अंगठा. तेव्हा आलेल्यांना छावणीतच नागरिक करून घेतलं होतं. तुमचं काम झालं."

तो मटकन खाली बसला. बायको हसतच सुटली. "सुंठीवाचून खोकला गेला! उठा, चला घरी."

"आजी, तुमचे कागद?"

"माझे? मी इथलीच की! खापरपणजोबांनी खणलेली विहीर आहे आमच्या गावात."

"जन्माचा दाखला? शाळेचा?"

"घरात जन्मले. शाळेत कोण घालतंय मला!"

कारकून मुलीनं पुन्हा वही चाळली. तिच्यात आलेल्यांचीच नावं होती. जे इथंच होते, त्यांची कुणी लिहिलीच नव्हती.

"मी लिहून देतो," सायकलवाला धडपडत उठला.

"नवऱ्याचा शब्द चालत नाही, आजोबा."

"मग मलाही हिच्याबरोबर पाठवा."

"तुम्ही इथले नागरिक. तुम्हाला कसं पाठवणार?" तिनं मान वर केली नाही. "तुम्ही घरी जा. आजी, तुम्ही आतल्या बाकावर बसा. पलीकडची गाडी चारला सुटते."