सहा नमुन्यांची तपासणी

"नमुना चौथा," असं म्हणत त्याने जेवणाच्या टेबलावर पांढरा डायपर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि मोजपेल्यातून पाणी सोडायला सुरुवात केली. अगदी बारीक धार. डाव्या हातात घड्याळ. शंभर मिलिलिटर, एक मिनिट. मग वर कोरडा कागद दाबायचा, तो काट्यावर ठेवायचा आणि किती ओल परत आली ते वहीत लिहायचं.

बायको दारात उभी होती. "म्हाताऱ्या माणसांचे डायपर आहेत हो ते, कारखान्याचा माल नाही."

"माल तो माल," तो म्हणाला.

कागदाच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं हेच केलं होतं. कोणता कागद किती पाणी पितो, हे छातीठोकपणे सांगणारा तपासनीस तो एकटा. निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी काही तपासायला दिलं नव्हतं. आता सहा नमुने समोर होते आणि गडी खूश होता.

खूश होता, पण जीव टांगणीला लागला होता. रविवारी कारखान्याच्या वसाहतीत जुन्या मंडळींचा मेळावा होता. बसने तीन तासांचा प्रवास. बायकोने आधी गुडघ्यांचं निमित्त काढलं, मग "तुम्हीच या जाऊन" म्हणून पाहिलं. शेवटी आठ दिवसांपूर्वी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मला धरवत नाही हो." जुन्या सुती कापडाच्या घड्या वापरून इतके दिवस तिने त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी तो औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईंनी कंबरेचं माप विचारलं, दिवसा हवं की रात्री ते विचारलं, पेशंट हिंडता-फिरता आहे का तेही विचारलं.

"पेशंट नाही, बायको आहे," तो म्हणाला आणि सहाही प्रकारची पाकिटं घेऊन आला.

तिला वसाहतीत न्यायचंच होतं. कारण तिथे ती हसायची. ओल्या लगद्याचा वास सुटलेला असायचा, संध्याकाळी क्लबच्या ओट्यावर खुर्च्या पडायच्या आणि तो गोष्टी सांगायचा. मोठ्या साहेबांची टोपी लगद्याच्या हौदात पडली ती, रात्रपाळीचा फोरमन घोरताना दात गिळता गिळता वाचला ती. सांगता सांगता त्याचं लक्ष तिच्याकडे असायचं. ती आधी ओठ दाबून धरायची, मग खांदे हलायला लागायचे, आणि मग जी काही फुटायची, की तीन ओळींपलीकडच्या क्वार्टर्समधली माणसं पायात चपला सरकवून यायची. वसाहतीत तिला 'दुसरा भोंगा' म्हणत. पहिला वाजला की पाळी सुटली, दुसरा वाजला की तपासनिसाने नवी गोष्ट काढली. काय दिवस होते ते! लग्नाआधी एका समारंभात त्याने तिला पाहिलं नव्हतं, फक्त ते हसू ऐकलं होतं आणि तेवढ्यावर स्थळ पक्कं केलं होतं.

आणि आता? इथे या फ्लॅटमध्ये पाहुणे बसलेले असायचे, गोष्ट ऐन रंगात यायची, आणि ही "आलेच" म्हणून उठायची. आत कडी वाजायची. पाहुणे हसायचे, हिची खुर्ची रिकामी. एकदा झालं, दहादा झालं. मग त्याने कानाला खडा लावला. गोष्टी शिळ्या झाल्या असतील, आणि गोष्टींबरोबर आपणही. गेलं वर्षभर घरात बोलणं म्हणजे दूध तापवलं का आणि पंखा बंद केला का. त्या जुन्या ओट्यावर बसली तर कदाचित पुन्हा एकदा हसेल, एवढीच त्याची आशा होती.

सहावा नमुना झाला. त्याने वहीतले आकडे पुन्हा एकदा पाहिले आणि जाड, चिकटपट्ट्यांचा डायपर वर धरला. "हा पहिला. तीन तास काय, सहा तास बस."

तिने तो कानाजवळ नेऊन चुरगाळला. "वाजतो हा. चारचौघांत उठले-बसले की सगळ्यांना कळेल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि एकदम आलं तर?"

"एकदम कशाला येईल? बसमध्ये हळूहळूच..."

"ओता तर खरं."

त्याने त्याच पाकिटातला दुसरा घेतला आणि पेला एका झटक्यात रिकामा केला. पाणी वरच्या वर घसरलं, टेबलावरून थेट त्याच्या विजारीवर आलं. तिने तोंड फिरवलं. एकेक करत सगळ्यांची तीच गत झाली. फक्त एक पातळ, चड्डीसारखा चढवायचा, हाताला मऊ सुती लागणारा नमुना सगळं पाणी गटकन पिऊन गेला. तिने वरून बोट फिरवलं. कोरडं.

"हा घेते."

"अगं, हा तिसरा आलाय!"

"येऊ दे. परीक्षा तुमची, घालायचा मला आहे."

ती आत गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली. खोलीभर चालली, बसली, उठली, मुद्दाम दोनदा खोकली. मांडीला काचत नाही म्हणाली. मग खुर्ची ओढून थेट त्याच्या समोर बसली.

"आता एक गोष्ट सांगा. चांगली रंगवून."

ही आपली समजूत काढतेय, असं त्याला वाटलं. राग आला, रडूही आलं. "कशाला? अर्ध्यातून उठून जातेस तू. कंटाळलीस मला, कळत नाही का मला?"



"कंटाळले? अहो, तुमच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट मी बाथरूमच्या दाराआड, तोंडात टॉवेल कोंबून ऐकलाय!"