डावा स्पीकर

"बंद करा ते आधी, आई कान झाकतेय," मुलगी म्हणाली.

कानसेनने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. तीस वर्षं आवाजाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला सगळे कानसेनच म्हणत. खरं नाव बहुधा फक्त बायकोला ठाऊक असावं. अर्धवट उघड्या नळासारखी ती खरखर थांबली, तशी खुर्चीतल्या काकूंची कोपरं खाली आली. दाराकडे पाठ करून, डाव्या स्पीकरला अगदी खेटून त्या बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आला, तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

"हिची जागा तीच," काका म्हणाले. "मी व्हायोलिन वाजवायचो, ही शेजारी बसून गुणगुणायची. या सीडीत माझ्या वाजवण्यामागे हिचा आवाज आहे. या मेल्या खरखरीत बुडून जातो. तेवढी घालवा. एकदा ऐकायचाय मला."

मुलीने कानसेनला बाजूला घेतलं. "दादा, त्या सीडीत आई नाहीये. मी हेडफोन लावून दहा वेळा ऐकलंय. बाबांनी मनात घेतलंय झालं. खरखर गेली आणि तरी काही ऐकू आलं नाही, तर ते पार खचतील हो."

"तुमच्या त्या मोबाइलच्या हेडफोनला काय कळतंय, ताई? खरखर म्हणजे काचेवरची धूळ. पुसल्याशिवाय पलीकडे काय आहे ते कसं सांगणार?"

बोलून गेला खरा, पण खात्री त्यालाही नव्हती.

त्याने सीडी प्लेअरची वायर काढली, तरी खरखर होतीच. म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच. आवाज वाढवला की तीही वाढत होती. म्हणजे चोर आवाजाच्या बटणाच्या अलीकडे. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली आणि डोकं आत घातलं.

"सापडलं का?" काका वाकले.

"सापडेल, पण तुम्ही उजेड अडवलात तर संध्याकाळ होईल."

काका ओशाळून सरकले आणि दोन मिनिटांत पुन्हा तिथेच येऊन उभे राहिले.

पाऊण तासाने हरभऱ्याएवढा जुना ट्रान्झिस्टर निघाला आणि नवा बसला. कानसेनने अ‍ॅम्प्लिफायर सुरू करून आवाज वाढवला. काही नाही. इतकं काही नाही, की दिवा लागलाय ना, हे त्याने वाकून पाहिलं. काकूंची कोपरं जागची हलली नाहीत.

"लावा," काका म्हणाले. कानसेनने प्लेअरची वायर परत जोडली आणि सीडी लावली.

व्हायोलिन सुरू झालं. संथ, स्वच्छ. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. काका डोळे मिटून स्पीकरांसमोर उभे होते. मुलगी जमिनीकडे बघत होती.

तिसऱ्या ओळीला डावीकडून एक बारीक गुणगुण आली. व्हायोलिनच्या किंचित मागे, जरा थरथरती, पण सुरात.

"हीच," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"हे नव्हतं," मुलगी कशीबशी म्हणाली. "दादा, शपथेवर सांगते, हे नव्हतं."

"होतं, ताई. खाली दबलेलं होतं," कानसेन हलकेच म्हणाला. तीस वर्षांत त्याने यंत्रं पुष्कळ बोलती केली होती, पण एक हरवलेलं माणूस आपल्या हातून परत मिळेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपल्याच काळवंडलेल्या बोटांकडे तो परक्यासारखा बघत राहिला.

झाकण लावण्याआधी गाणं मध्येच थांबवून शांतता एकदा तपासायची, ही त्याची जुनी सवय. डोळे पुसत त्याने बटण दाबलं आणि डाव्या स्पीकरला कान लावला.

व्हायोलिन थांबलं. स्पीकर गप्प झाला.

शेजारच्या खुर्चीत काकू पुढची ओळ गुणगुणत होत्या.