बिनआवाजाची पेटी

“मशीन चालू शे का?” फोन कानाला लावण्याआधी जीवराम नानांनी विचारलं.

“हा नाना, चालू शे. बंद करू का?” त्यांचा धाकटा मुलगा रुपचंद म्हणाला.

“नको. तुनं काम कर तू.” सुरतेहून बोलणाऱ्या लोटनला नानांनी “मंग कर फोन” एवढंच सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले.

दर रविवारचं हेच. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यापासून नानांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. कान मात्र तिखट. थोरला लोटन आठवड्यातून एकदा बोलणार, आणि तेवढंही रुपचंदच्या मशीनच्या घरघरीपायी नानांना नीट ऐकता येऊ नये, हे त्याच्या मनाला फार लागायचं.

“भावजींना इतकं बोलायचंय तर न्यावं की नानांना सुरतेला,” त्याची बायको वच्छला म्हणायची. ती तोंडाने फटकळ, पण यात तिचं काय चुकलं?

धुळ्यात पाचव्या गल्लीत रुपचंदचं ऑफिस होतं. नरडाण्यापर्यंतच्या जिनिंगवाल्यांची कामं तो कॉम्प्युटरवर करायचा. सगळ्यांची माहिती एका सर्व्हरवर साठवलेली. नानांजवळ कुणीतरी हवं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते धूड रिक्षात घालून तो देवपूरला घरी आणायचा आणि नानांच्या खोलीत बसून काम करायचा.

नानांसाठीच त्याने नाशिकची नोकरी सोडली होती. या घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला तोही त्यानेच. लोटनने काय केलं? दिवाळीत येऊन नानांना रिक्षाने इथल्याच एकवीरेच्या दर्शनाला नेऊन आणलं. त्याचं कौतुक होळीपर्यंत पुरलं. रुपचंदला दुसरं काही नको होतं. नानांनी एकदा, फक्त एकदा, त्यालाही बरं म्हणावं.

शेवटी त्याने सर्व्हरची पेटीच नवी करायला घेतली. सुताराकडून प्लायची करून आणली, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी. हार्ड डिस्क लाकडाला ठोकल्या तर लाकूड घुमायचं, म्हणून त्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगल्या. खरा दंगा पंख्याचा. लहान पंखा काढून त्याने मोठा बसवला आणि वीज कमी देऊन सावकाश फिरवला. आवाज दाबायला आतून लोकरीचा जाड नमदा. वर ट्रंकेची कडी, उचलायला.

पहिल्याच दिवशी पेटी तापून बंद पडली. मे महिन्यातलं धुळं, दुसरं काय होणार! मग त्याने तळाला आणि वरच्या बाजूला फटी पाडल्या. आता हवा खेळू लागली. पेटी स्कूटरवर पायाशी मावत होती. वच्छलाने कान लावून पाहिला.

“मेली की काय ही?”

“चालू आहे,” रुपचंद म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसला.

नानांना त्याने मुद्दामच काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी वच्छला बाजारात गेली होती. जेवून नानांचा डोळा लागलेला. रुपचंदने अनवाणी पायांनी पेटी आणून खाटेच्या पायथ्याशी ठेवली, स्क्रीन जोडला, एका डिस्कवरची माहिती दुसरीवर उतरवायला लावली आणि खुर्चीत बसून राहिला. खोलीत हूं की चूं नव्हतं.

नानांच्या उशाशी फोन वाजला. ते उठून बसले. फोन घेण्याआधी त्यांनी नेहमीसारखं विचारलं,

“मशीन चालू शे का?”

रुपचंद गालात हसला आणि गप्प बसला. आज कळू दे त्यांचं त्यांनाच. मनासारखं बोलून होऊ दे, मग सांगू.

“रुपचंद? वच्छला?”

नाना थोडा वेळ कानोसा घेत राहिले. मग त्यांनी फोन कानाला लावला. किती दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. रुपचंदला भरून आलं.

“बोल लोटन. आज मशीनना आवाज नही. तो घर नही शे, मोकळं बोल.” नाना थांबले, पलीकडचं ऐकून मान हलवली. “नही रे, त्याले कसं समजी? घर तुना नावे करी दिधं, ते मी कोनलेच सांगं नही. मी जित्ता शे तवलग तू बी सांगजो नको. त्याले समजनं तं आठे माले भाकर कोन देई?”